"काही विचारायचंय?" "नो नो, ऑल गुड"

परवा आमच्या समोरच्या बेसमेंटमध्ये नवीन आलेल्या वहिनी फेब्रुवारीचं रिपोर्ट कार्ड घेऊन घरी आल्या, चेहरा एवढासा झालेला. मूळच्या सांगलीकडच्या, कॅनडात ब्रॅम्प्टनला येऊन जेमतेम सहा महिने. मुलगा चौथीत, गणितात बी. "ताई, तिकडे पहिल्या तिनात असायचा हो, इथे येऊन पार ढेपाळला." म्हटलं आधी चहा घ्या. मग सांगितलं की ऑन्टारिओत बी म्हणजे लेव्हल ३, ७० ते ७९ टक्के, आणि प्रांताने मुलांसाठी ठरवलेली पातळी तीच आहे, म्हणजे पोरगं अगदी व्यवस्थित चाललंय. ९८ का नाही पडले म्हणून इथे कोणी रडत नाही (आपण सोडून).

खरी गंमत पुढेच. त्यांनी पहिलं पान उलटून थेट मार्कांवर उडी मारली होती. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तेच केलं, कशाला खोटं बोलू. त्या पानावर लर्निंग स्किल्स असतात, जबाबदारी, पुढाकार, इतरांबरोबर काम वगैरे सहा गोष्टी, समोर ई (उत्तम), जी (चांगलं), एस (ठीक) नाहीतर एन (सुधारणा हवी). पुढाकारासमोर एन होतं, आणि खाली बाईंनी लिहिलेलं की वर्गात बोलत नाही, मदत लागली तरी मागत नाही. ते कोणी वाचलंच नव्हतं!

आपल्याकडे शाळेतून बोलावणं आलं की पोटात गोळा, पोराने काय उद्योग केले म्हणून. आणि बाईंना उलट प्रश्न विचारायचे नसतात. इथे बाईंबरोबरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या पालक इंटरव्ह्यूत गप्प बसलं की त्यांना वाटतं यांना काही पडलेलीच नाही. पण सगळा दोष पालकांचा नाही हां. ईएसएल, आयईपी, पीए डे, ईक्यूएओ असली अक्षरं भरलेल्या ईमेल पाठवायच्या, नवरा वेअरहाऊसला रात्रपाळी करतो, बायको दुपारची शिफ्ट, आणि वर म्हणायचं पालक येत नाहीत. ईएसएल वाचून तर वहिनींना वाटलेलं पोराला 'ढ' वर्गात टाकलं. अहो, ती नवीन मुलांना इंग्रजीची मदत असते फक्त.

म्हणून नवीन आलेल्यांनो, वेळ जमत नसेल तर इंटरव्ह्यू फोनवर मागा, दुभाषा लागतो म्हणून आधीच कळवा. पोरालाच दुभाषा करू नका, तो सोयीचं तेवढंच सांगतो 😄 बऱ्याच शाळांमध्ये सेटलमेंट वर्कर (नवीन आलेल्यांना स्थिरावायला मदत करणारे) येतात, पीआरवाल्यांना, म्हणजे कायम रहिवासी झालेल्यांना, फुकट मदत करतात, ऑफिसात नुसतं विचारायचं. आणि घरी मराठी बंद करू नका, मराठी बोलल्याने इंग्रजी कच्चं राहत नाही.

गुरुवारी वहिनींचा इंटरव्ह्यू आहे. पिझ्झाच्या फ्लायरमागे मराठीत तीन प्रश्न लिहिले. पहिला होता 'गणितात मागे का पडला'. चहा संपेपर्यंत तो त्यांनीच खोडला आणि वर लिहिलं, 'डबा कोणाबरोबर खातो?'