डच चित्रातलं 'पांढरं' कलिंगड

आत्याने परवा अर्धं कलिंगड कचऱ्यात टाकलं. चांगलं लालबुंद, गोड. कारण भिशीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड : '३५० वर्षांपूर्वीचं हे डच चित्र बघा. खरं कलिंगड आतून पांढरं असायचं! आजचा लाल रंग इंजेक्शनचा. बिनबियांचं तर जेनेटिक विष. सर्वांना पाठवा.' तिने सर्वांना पाठवलं, त्यात मीही आलो.

तर आधी चित्र. ते डच नाहीच. रोमच्या जोव्हान्नी स्टान्कीचं आहे. सतराव्या शतकातली फळं दिसली की ठोक डच, असा हिशेब असावा. तेही असू दे, पण झूम करून तरी बघा! कापलेल्या कलिंगडाचा गर लालसरच आहे, बिया काळ्या आहेत, मधे पांढरी वेटोळी आणि फटी आहेत. परागीभवन अर्धवट झालं की कलिंगड आतून असं पोकळ निघतं, आजही निघतं. त्या एका फळावरून सगळ्या जमान्याची कलिंगडं ठरवायची?

आणि डचच हवं असेल तर घ्या. आल्बर्ट एकहाउट हा डच चित्रकार १६३७ ते १६४४ ब्राझीलच्या डच वसाहतीत होता. तिथल्या फळाभाज्यांची त्याची बारा चित्रं आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यातल्या एकात ढगाळ आभाळापुढे अननस मांडलाय आणि सोबत कापलेलं कलिंगड. आतून लाल! स्टान्कीच्याच काळातलं. इंजेक्शनची सुई निघायला तेव्हा अजून दोनशे वर्षं होती. मग त्यात रंग कोणी भरला?

खरा संताप या इंजेक्शनचाच आहे, कारण त्यापायी हातगाडीवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं. जरा विचार करा. सुईने सोडलेला रंग टोचल्या जागी डाग धरेल, सालीपर्यंत एकसारखा कसा पसरेल? शिवाय भोक पडलं की उन्हाळ्यात फळ लगेच नासायला लागणार. हा तोट्याचा धंदा कोण करेल? कलिंगडाचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच.

बिनबियांचं कलिंगड जनुकं घुसवून केलेलं नाही. ४४ गुणसूत्रांच्या झाडाचा नेहमीच्या २२वाल्याशी संकर करतात, ३३वालं रोप येतं, त्याला धड बी धरत नाही. जपानमध्ये किहारा या शास्त्रज्ञांनी हे गेल्या शतकातच करून दाखवलं. विषय संपला.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. कलिंगडाच्या रानटी भाऊबंदांचा गर फिकट असतो, आणि माणसाने निवडून निवडून ते लाल, गोड केलं हे खरं. पण ते काम एकहाउटच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आत्या, उरलेलं अर्धं अजून फ्रिजमध्ये असेल तर ते टाकू नकोस. संध्याकाळी येतोय, मीठ काढून ठेव.