'टेपवर घेतलंय ना, मग निवांत झोपा': एका फॉरवर्डला उत्तर

सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. गेल्या महिन्यात तो मला तीन जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने 'सर, आपण पण हेच करूया' असं लिहून. मेसेजचं सार असं: बॅकअपची टेप, म्हणजे डेटाची प्रत ठेवायची चुंबकीय फितीची कॅसेट, ऑफलाइन असते, त्यामुळे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) तिला हात लावू शकत नाही. टेपवर लिहिणारा ड्राइव्ह लिहितानाच तपासून घेतो, त्यामुळे जॉब, म्हणजे बॅकअपची फेरी, 'सक्सेसफुल' आला की काम संपलं. बॅकअप रेंगाळत असेल तर ड्राइव्ह जुना झालाय, नवा घ्या. टेप ३० वर्षं टिकते. आणि एलटीओमध्ये (सर्रास वापरातला टेपचा प्रकार) एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय, आतच असतं, त्यामुळे चोरीची भीती नाही.

आधीच सांगतो, मी टेपवाला माणूस आहे. 'टेप मेली' म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीने जीमेलच्या काही ग्राहकांचे मेलबॉक्स रिकामे दिसू लागले, तेव्हा खुद्द गूगलने ते टेपवरून परत आणले. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या प्रतींपर्यंत ती चूक पोचली होती, टेपपर्यंत पोचली नव्हती. या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य अशाच कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवर उभं आहे. म्हणूनच तो खोडायला वेळ काढावा लागतोय.

'टेप ऑफलाइन असते'

कपाटातली टेप ऑफलाइन असते. लायब्ररीत बसलेली नसते. २४ कॅसेट्स, एक रोबो आणि दोन ड्राइव्ह असलेली लायब्ररी नेटवर्कवरच्या बॅकअप सर्व्हरच्या हुकमात असते. त्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हुकमात रोबोही. क्विक इरेज म्हणजे १२ टीबी पुसत बसणं नव्हे. सुरुवातीलाच 'इथे डेटा संपला' अशी खूण लिहिली की पुढचं सगळं जागेवर असूनही साध्या मार्गाने वाचता येत नाही. एका कॅसेटला काही मिनिटं पुरतात. रोबो रात्रभर न थकता एकेक कॅसेट उचलत राहतो, त्याला कोण सांगतंय याच्याशी देणंघेणं नसतं.

हल्लेखोर बॅकअप सर्व्हरपर्यंत कशाला जातील, असं कुणी म्हणेल. ते तिथे आधी जातात. एप्रिल २०२३ मध्ये सायबर सुरक्षा कंपनी मॅन्डियंटने जाहीर केलं की अल्फव्ही या रॅन्समवेअर टोळीचा एक साथीदार व्हेरिटास बॅकअप एक्झेक या बॅकअप सॉफ्टवेअरमधल्या तीन त्रुटी वापरून आत शिरत होता. त्या त्रुटींवरचं अपडेट मार्च २०२१ मध्येच आलेलं होतं. म्हणजे दोन वर्षं अपडेट हाताशी होतं आणि लोकांनी टाकलं नव्हतं. कारण मला माहीत आहे, कारण मीही तेच करत आलोय: चालू बॅकअप सर्व्हरला हात लावायला कुणाची छाती होत नाही. 'चाललंय ना, चालू दे.'

मी स्वतः आता काय करतो ते सांगतो. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत, नसतो. त्याचा अ‍ॅडमिन वेगळा, पासवर्ड वेगळा, आणि कन्सोलवर पासवर्डखेरीज दुसरा पडताळा असतोच. एजंटचे (प्रत्येक मशीनवर बसून डेटा पाठवणाऱ्या प्रोग्रामचे) पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची दारं, फक्त त्या एका सर्व्हरसाठी उघडे ठेवायचे. बॅकअप एक्झेकचा एजंट १०००० वर, बॅक्युला या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचे तीन भाग (हुकूम देणारा डायरेक्टर, डेटा देणारा क्लायंट, टेपवर लिहिणारं स्टोरेज) ९१०१ ते ९१०३ वर ऐकत बसतात, आणि हे पोर्ट अख्ख्या ऑफिसला दिसत असलेले मी कितीदा पाहिलेत. लायब्ररीच्या वेब पॅनेलचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलायचा, हे बहुतेक जण विसरतात, कारण ते पॅनेल बसवणाऱ्या इंजिनिअरनंतर कुणी उघडलेलंच नसतं. शुक्रवारी भरलेल्या कॅसेट्स काढायच्या, कडेची छोटी पट्टी 'लॉक'वर सरकवायची आणि त्या बाहेर न्यायच्या. ती पट्टी सरकवायला दोन सेकंद लागतात आणि नेटवर्कवरून ती कुणालाही परत सरकवता येत नाही.

आणखी एक. घुसलेला माणूस लगेच बॉम्ब फोडत नाही, कधी कधी आठवडे आत बसून राहतो. तुमच्या कॅसेट्स दोन आठवड्यांत फिरून परत लिहिल्या जात असतील, तर तोवर प्रत्येक कॅसेटवर त्याचं बस्तान बसलेलं असतं. आजोबा-वडील-मुलगा ही महिन्याची, आठवड्याची आणि रोजची जुनी पद्धत म्हाताऱ्यांची म्हणून हसू नका.

'जॉब सक्सेसफुल आला की झालं'

एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिता लगेच वाचून पाहतो, हे खरं आहे. लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारा हेड असतो. पण तो एवढंच पाहतो की जे दिलं ते उमटलं की नाही. काय दिलं आणि कुठे दिलं, हे त्याचं काम नाही.

माझीच फजिती सांगतो. नोकरीची पहिली वर्षं, एक छोटं ऑफिस, लिनक्सचे तीन सर्व्हर आणि एक टेप ड्राइव्ह. मी स्क्रिप्ट लिहिली: आधी अकाउंट्सचा सर्व्हर, मग फाइल सर्व्हर, मग मेल. तिन्ही एकामागोमाग एकाच टेपवर. लिनक्समध्ये ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-झीरो आणि एनएसटी-झीरो. काम ड्राइव्ह तोच करतो, फरक एवढाच की एसटी प्रत्येक फेरीनंतर डेपोत परत जाते. म्हणजे लिहून झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी जिथे थांबली तिथेच उभी राहते. मी स्क्रिप्टमध्ये एसटी लिहिलं होतं. मग रोज रात्री अकाउंट्स लिहिलं जाई, टेप मागे येई, त्यावर फाइल सर्व्हर, पुन्हा मागे, त्यावर मेल. सकाळी तीन 'सक्सेस' आणि टेपवर फक्त मेल. ड्राइव्हने प्रत्येक लेखन इमानेइतबारे तपासलेलं होतं! अकाउंट्सच्या बाईंनी एक पुसली गेलेली फाइल मागितली, तेव्हा सात महिने असं चाललं होतं हे कळलं. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

हे टेपपुरतं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी: बॅकअप काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे जॉब रोज पडत होता. पडल्याचे ईमेल जायचे, पण डीमार्क या ईमेल-पडताळणीला लागणाऱ्या सहीअभावी ते स्वीकारलेच जात नव्हते. साधारण सहा तासांपूर्वीची एक डिस्कची प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून निभावलं. 'एरर आला तर मेल येईल' यावर विसंबू नका. मेल आला नाही, याचे अर्थ दोन होतात.

तपासण्याचा मार्ग एकच: टेप दुसऱ्या मशीनवर लावा, एक फोल्डर आणि एक डेटाबेस परत आणा, आणि तो ज्याचा आहे त्याला उघडून दाखवा. फाइल उघडली हे आयटीने ठरवू नये. चालू डेटाबेसच्या फाइल्स नुसत्या उचलून नेल्या असतील तर त्या परत येतात छान, उघडत मात्र नाहीत.

'हळू चालतोय, ड्राइव्ह बदला'

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. या एका सल्ल्याने लोकांचे लाखो रुपये गेलेत.

एलटीओ-८ चा (आकडा म्हणजे पिढी) अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबी गिळतो. एक गिगाबिटचं नेटवर्क कागदावर १२५ आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास देतं. १२ टीबीची कॅसेट पूर्ण वेगाने ११ तासांत भरते, गिगाबिटवरून ३० तास. ड्राइव्ह वेग थोडा कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहे. त्याच्या खाली गेलात की टेप थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते, लिहिते, पुन्हा थांबते. याला शू-शायनिंग म्हणतात. व्हीटीच्या फलाटावर बूट-पॉलिशवाल्याचा ब्रश जसा पुढेमागे होतो, तसंच. त्यात हेडही झिजतो आणि टेपही. अशा ठिकाणी आणखी वेगवान ड्राइव्ह आणलात तर भूक वाढते, जेवण तेवढंच राहतं.

उपाय म्हणजे आधी नेटवर्कवरून बॅकअप डिस्कवर घ्या आणि तिथून टेपवर एका दमात ओता. किंवा दहा गिगाबिटची जोडणी टाका. लाखो बारीक फाइल्सचा सर्व्हर असेल तर डिस्कसुद्धा मागे पडते, हे लक्षात ठेवा.

जॉब मधेच मरत असेल तर कधी मरतो ते आधी लिहून काढा. दर वेळी सुरू झाल्यापासून ठरावीक वेळाने, समजा बरोबर तासाने, मरत असेल तर ड्राइव्हला सोडा आणि फायरवॉल बघा. बॅक्युलात डेटा क्लायंटकडून स्टोरेजकडे वाहत असतो, तेव्हा डायरेक्टर आणि क्लायंटमधली बोलणी गप्प असतात. फायरवॉलला वाटतं ही जोडणी मेली, आणि तो ती कापतो. लिनक्स आपणहून 'आहेस ना?' असं विचारतो, पण मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. तोवर तिरडी उठलेली असते. हार्टबीटचं, म्हणजे गप्प जोडणीवरही अधूनमधून खूण पाठवण्याचं, सेटिंग ६० सेकंदांवर आणलं की हा आजार जातो. याच आजारावर ड्राइव्ह बदलून घेतलेली एक कंपनी मी पाहिली आहे. नवा ड्राइव्हही तासानेच मेला.

एकच कॅसेट दोन्ही ड्राइव्हमध्ये अडत असेल तर कॅसेट खराब. वेगवेगळ्या कॅसेट्स एकाच ड्राइव्हमध्ये अडत असतील तर ड्राइव्ह, आणि तिथेही आधी क्लीनिंग कॅसेट लावून पाहा. टेपअलर्टचा (ड्राइव्ह देतो त्या इशाऱ्यांचा) २० क्रमांक म्हणजे 'आत्ता साफ करा'. तो नसताना दर सोमवारी पूजेसारखं क्लीनिंग करू नका, ती कॅसेट मोजक्याच वेळा चालते. आणि एलटीओ-९ ची कोरी कॅसेट पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं माप घेत बसतो. सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासही. 'हँग झाला' म्हणून वीज बंद करू नका.

'३० वर्षं टिकते'

टिकेलही, १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत. जुलैत रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या बिनएसीच्या खोलीत हे आकडे शोधून दाखवा. आणि कॅसेट टिकली तरी ड्राइव्ह कुठे आहे? एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचत. एलटीओ-८ फक्त एक पिढी मागे जातो. २००७ च्या एलटीओ-४ कॅसेटसाठी आज जुना एलटीओ-६ ड्राइव्ह शोधत फिरावं लागतं, आणि त्याच्या कार्डाला बसणारा जुना सर्व्हरही.

'बाहेर ठेवलीय' याचाही अर्थ विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. अशा दिवशी त्याच उपनगरातलं साहेबांचं तळमजल्यावरचं घर ही बाहेरची जागा ठरत नाही.

'एन्क्रिप्शन आतच असतं'

एलटीओ-४ पासून ड्राइव्हला एन्क्रिप्शन येतं, हे बरोबर. पण किल्ली कुणीतरी दिल्याशिवाय तो ते करत नाही. सॉफ्टवेअरमधला तो चौकोन टिक केलेला आहे का, हे बघा. सप्टेंबर २०११ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत एसएआयसी कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या गाडीतून बॅकअप टेप्स चोरीला गेल्या. त्यावर अमेरिकी लष्कराच्या आरोग्य योजनेतल्या सुमारे ४९ लाख लोकांची माहिती होती. टेप नेआण करणारा माणूस आणि त्याची गाडी, हाही तुमच्या नेटवर्कचाच भाग आहे.

आणि टिक केलात, तर किल्ली कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते, त्या डेटाबेसचा बॅकअप टेपवर असतो, आणि ती टेप त्याच किल्लीने बंद असते. आम्ही सांकेतिक वाक्य कागदावर लिहून सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, आणि वर्षातून एकदा तेवढ्या कागदावरून कोऱ्या मशीनवर टेप उघडून पाहतो. पहिल्या वर्षी उघडली नाही. माझ्या अक्षरातला शून्य होता की इंग्रजी ओ, यावर आम्ही तिघे पाऊण तास वाद घालत होतो. तेव्हापासून तो कागद छापलेला असतो, आणि शून्याला आडवी रेघ असते.