खानापूरकर, माझ्या तोंडात एकही स्क्रू नाही

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, नुसतं ‘खानापूरकर’ लिहिलंत, म्हणून मीही तसंच म्हणते.

माझ्या सगळ्या तोंडातल्या दातांच्या दुरुस्तीवरच्या (फुल माउथ रिहॅबिलिटेशन) लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते बाकीच्यांसाठी इथं उतरवते: “बाई, ही दवाखान्याची जाहिरात झाली. गरिबाला दातांत स्क्रू परवडतात काय? आमच्या आईनं महिन्याभरात सगळे दात काढून घेतले, कवळी लावली आणि वीस वर्षं भाकरी खाल्ली. ही इम्प्लांटची नवी फॅशन कंपन्यांनी काढली आहे. आणि खर्च किती आला ते मात्र सोयीस्करपणे गाळलंत.”

राग आला. रात्री उत्तर लिहिलं, सकाळी पुसून टाकलं. कारण शेवटचं वाक्य खरं आहे.

खर्च लिहिला नाही, कारण लाज वाटली. पेन्शनीतले एवढे पैसे दातांवर घातले हे निपाणीत आमच्या गल्लीत कळलं, तर म्हणतील, म्हातारीला आता मिरवायचंय. तर आता लिहिते: ७१,४०० रुपये, दोन वर्षांत मिळून. बेळगावच्या दंत महाविद्यालयात, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून, प्राध्यापकांच्या नजरेखाली. बसचे हेलपाटे वेगळे. तिसाव्या खेपेनंतर मोजायचं सोडून दिलं. खासगीत याच कामाचा अंदाज तिपटीच्या वर होता. शिकवायच्या दवाखान्यात पैसा कमी लागतो आणि वेळ फार जातो. माझ्याकडे वेळ होता. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईकडे तो नसतो, हे तुम्ही म्हणाला असतात तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता स्क्रू. माझ्या तोंडात एकही नाही! इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, हाडात कसा रुजतो यावर तीन परिच्छेद लिहिले आणि मला तो बसवलाच नाही हे लिहायचं विसरले. वाचणाऱ्यानं दुसरं काय समजायचं? बसवायचं ठरलं होतं. पण तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४ टक्के निघाली. तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं, अशा साखरेत जखम नीट भरत नाही. टायटॅनियमला हाड धरायला तीन ते सहा महिने लागतात, मधेच पू झाला तर पैसे गेले आणि हाडही गेलं. त्यात मी मिश्रीवाली. तेव्हा खाली धातूच्या सांगाड्याची काढता-घालता येणारी अर्धी कवळी (तिथं तिला कास्ट पार्शल म्हणतात), वर-खाली मिळून बारा कॅप, पाच दातांचं रूट कॅनल, आणि चार दात काढून टाकले. म्हणजे ज्या कवळीची बाजू घेऊन तुम्ही माझ्याशी भांडताय, तिची धाकटी बहीण मी रोज रात्री वाटीभर पाण्यात ठेवून झोपते.

मग नुसती कवळीच लावायची तर दोन वर्षं कशाला, असं विचाराल. त्यासाठी मागं जावं लागेल.

आमच्या घरात वखारीतला तंबाखू यायचा. आई तो तव्यावर काळा होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा. आठवीत माझी दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं बोटावर चिमूटभर मिश्री दिली. दुखणं थांबलं, सवय राहिली. मिश्रीनं दात स्वच्छ होतात ही आपल्याकडची समजूत. प्रत्यक्षात हिरड्या मागं सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि रोज घासून दाताच्या मानेशी खाच पडते. चाळिशीपर्यंत माझ्या खालच्या दाढा दोन्हीकडच्या गेल्या. एकेक दाढ काढायला दहा मिनिटं. रिकाम्या जागेचं पुढं काय, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

ती जागा नुसती रिकामी राहत नाही. शेजारचा दात तिच्याकडे कलतो, वरची दाढ खाली उतरू लागते. आणि दळायला दाढाच नाहीत म्हटल्यावर मी समोरच्या दातांनी चावायला लागले. ते दात घास तोडायला असतात. पन्नाशीपर्यंत झिजून निम्मे झाले. तोंड मिटलं की हनुवटी नाकाच्या भेटीला निघायची, ओठांचे कोपरे कायम चिरलेले. मी त्यावर बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात होते.

त्याच सुमारास एका दवाखान्यात (नाव विचारू नका) समोर सहा दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅपची पट्टी, बसवून घेतला. पांढराशुभ्र. मुलाच्या लग्नातले फोटो झकास आले. आठ महिन्यांत त्याच्यावरच्या सिरॅमिकचा टवका उडाला. नवा बसवला, पुन्हा उडाला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कडक खाता. मी म्हणाले, तुमची लॅब वाईट. दोघंही चुकत होतो. मागं दाढा नसतील तर सगळा जोर पुढच्यांवरच येणार, मग दात सोन्याचा बसवा नाहीतर काचेचा. त्या दोन ब्रिजांचे पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. राग धरायचाच असेल तर त्या पैशांचा धरा.

फुल माउथ रिहॅबिलिटेशन हे नाव भारदस्त आहे, त्यानं माणूस घाबरतो हेही कबूल. पण त्याचा अर्थ बत्तीसच्या बत्तीस नवे दात, असा नाही. कुणीतरी एकानं सगळं तोंड एकदम बघायचं, कुठला दात ठेवायचा, कुठला काढायचा, आधी काय आणि मागाहून काय ते ठरवायचं. माझ्याबाबतीत आधी हिरड्या, मग साखर, मग रूट कॅनल, आणि कॅप अगदी शेवटी. त्या ब्रिजाच्या वेळी आम्ही शेवटापासून सुरुवात केली होती.

एक गोष्ट बघण्यासारखी होती. माझ्या दोन्ही जबड्यांचे प्लास्टरचे साचे त्यांनी एका बिजागरीच्या यंत्रात बसवले. आर्टिक्युलेटर. जबड्यासारखं उघडतं, मिटतं. त्यावर एका पोरीनं मेणाचे दात घडवले, नखाएवढे. मग त्या मेणाबरहुकूम प्लास्टिकच्या तात्पुरत्या कॅप, दात झिजून कमी झालेली चाव्याची उंची तीन मिलिमीटरनं परत देऊन. तीन महिने फक्त एवढंच बघायचं की ही उंची जबड्याच्या सांध्याला आणि स्नायूंना सोसते का. पंधरा दिवस माझ्या ‘स’ची शिट्टी वाजत होती, जन्मभर शाळेत उच्चार सुधारले त्याची फेड. दर खेपेला दातांत निळा-लाल कागद धरायचा, टकटक करायचं, जिथं डाग गडद उमटेल तिथं किंचित घासायचं, पुन्हा कागद. एकदा सव्वा तास नुसतं हेच चाललं.

शेजारच्या खुर्चीत चंदगडकडच्या एक आजी होत्या. कन्नड मुलगी त्यांना म्हणाली, “बायी तेगीरी.” म्हणजे तोंड उघडा. आजी म्हणाल्या, “बाई म्हण न्हाईतर आजी म्हण, पर ही तेगिरी कोण?” माझ्या तोंडातला कागद पडला.

आता तुमच्या आईंची कवळी. मागच्या लेखात मी कवळीला ‘जुन्या काळचा इलाज’ म्हटलं, ते शब्द मागे घेते. कवळी हा पूर्ण इलाज आहे, नीट बसवली तर फार चांगला. पण भाकरी खाल्ली म्हणता, ती कशी खाल्ली? माझी आत्याही कवळीनं भाकरी खायची, आमटीत कुस्करून. पूर्ण कवळीनं चावायचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथाईच्या आसपास असतो, कित्येकदा त्याहूनही कमी. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला टाळू नाही, त्यात जीभ तिला सारखी ढकलते, आणि दात गेल्यावर हाड दर वर्षी थोडं थोडं झिजतं. म्हणून मला जमेल तेवढे स्वतःचे दात ठेवायचे होते. सांगाड्याची पकड त्यांच्यावर आहे.

फॅशनचं म्हणाल तर स्वीडनच्या ब्रोनेमार्क या डॉक्टरांना सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजलेलं दिसलं ते १९५२ साली. माणसाला पहिल्यांदा बसवले १९६५ साली. तो रुग्ण २००६ मध्ये वारला, तोवर ते टिकून होते. आणि तुमच्या घरात कुणाची खालची कवळी नाचत असेल तर हेही सांगते: २००२ साली कॅनडात माँट्रिअलला तज्ज्ञ जमले होते. ज्यांचे खालचे सगळे दात गेलेत त्यांना खालच्या जबड्यात पुढं दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय द्यावा, असं त्यांनी म्हटलं. दोनच, सोळा नव्हेत. तरी स्वस्त नाही, ते खरंच.

मूळ लेखात खर्चाचा आकडा आणि ‘इम्प्लांट नाही’ हे वाक्य आज घातलं आहे. गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) मात्र अजून बंद आहे. त्यातल्या डिंकानं कॅप ओढली जाते म्हणे. पुतणी डबा घेऊन आली की मी बदामाचे काप तेवढे वेचून घेते.

एक विचारायचं होतं. आईंची कवळी वीस वर्षं एकच होती, की मधे बदलली? एकच असेल तर ती शेवटी शेवटी सैल झाली नाही काय?