नाक सातपुड्याकडे, चाल भुसावळकडे

नवा ड्रोन खोक्यातून निघून पहिल्याच उड्डाणात वाकडा गेला, तर दोष कुणाचा? खान्देशात या प्रश्नाला निदान बारा उत्तरं तयार असतात आणि त्यातली अकरा माझ्याकडे बोट दाखवतात. वारा असेल. ऊन असेल. पत्र्याच्या शेडजवळून उडवला असेल. कस्टमर केअरवाल्यांचं तर एकच पालुपद: "सर, कंपास कॅलिब्रेट केला का?" (म्हणजे ड्रोनच्या आतलं होकायंत्र नव्यानं जुळवून घेतलं का?) सात वेळा केला म्हटलं की आठव्यांदा करायला सांगतात. मारुतीला प्रदक्षिणा घालाव्यात तसं ते यंत्र हातात धरून मी स्वतःभोवती फिरतोय आणि बांधावरून पृच्छा येतेय, "हाई कथा चालनं भो?" (हे कुठे चाललंय, भाऊ?) तांत्रिकदृष्ट्या आजवर विचारला गेलेला सगळ्यांत अचूक प्रश्न हाच.

कंपनीशी भांडायचं तर आधी यंत्राच्या सगळ्या सबबी एकेक करून काढून घ्याव्या लागतात. "वाकडा जातो" ही तक्रार नव्हे, ते रडगाणं झालं. वाकडेपणाच्या जाती असतात. रिमोटची काठी फक्त पुढे ढकलली असताना नाक आपोआप हळूहळू वळत असेल तर संशय वळण मोजणाऱ्या जायरोवर, किंवा काठी मध्यावर परत येत नाही यावर. नाक सरळ, पण चाल खेकड्याची असेल तर संशय कंपासवर. एका जागी थांबवल्यावर तो घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरायला लागला आणि प्रत्येक फेरीगणिक गोल मोठा होत गेला, तर कंपासवर संशय नाही, खात्रीच. (जाणकार याला संडासाच्या भांड्यात फिरणाऱ्या पाण्याचं नाव देतात. आपला घाणाच सोज्वळ.) आणि नुसतं क्षितिज तिरकं दिसत असेल तर ड्रोन निर्दोष आहे, कॅमेऱ्याची मान वाकडी आहे, तिचं कॅलिब्रेशन वेगळं.

घाण्याचा बैल का होतो, ते समजलं की रागाला दिशा मिळते. जीपीएस ड्रोनला सांगतो की तू कुठे आहेस. जागच्या जागी उभं असताना तुझं तोंड कुठे आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते काम कंपासचं. आता कंपासच वीस अंश खोटं बोलत असेल, तर वाऱ्यानं ढकललेला ड्रोन परत यायला निघतो, पण वीस अंश चुकीच्या बाजूला. जीपीएस म्हणतो चुकलास. तो पुन्हा दुरुस्त करतो, पुन्हा वीस अंश चुकवून. प्रामाणिक माणसाला पत्ता सांगणारा खोटारडा भेटला की गावभर चकरा होतात, तेच हे. म्हणून अशा वेळी 'घरी परत' हे बटण दाबू नये; घरचा रस्ताही तो त्याच कंपासला विचारणार. नाक कुठे आहे ते कॅमेऱ्यातून बघा, आणि मोकळी जागा पाहून सरळ खाली उतरवा.

आता सबबी. पहिली सबब जमिनीची. खान्देश म्हणजे काळा कातळ, त्यात मॅग्नेटाइट. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला, आणि त्यातला पुष्कळसा अशा काळात की पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. म्हणजे खुद्द आमच्या पायाखालच्या दगडाला उत्तर-दक्षिण उलटी पाठ आहे. धुळे-नंदुरबारकडे तर या कातळाला चिरत गेलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती मैलोन् मैल पसरल्यात. उघड्या खडकाला टेकवलेलं होकायंत्र काही अंश हलू शकतं, हे खरं. पण कंबरेएवढ्या उंचीवर, तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीवर ही सबब टिकत नाही. म्हणून कॅलिब्रेशन यावल-रावेरकडच्या केळीच्या रानात करावं, लळिंगच्या डोंगरावर नाही.

दुसरी सबब लोखंडाची. जुनं धाब्याचं घर असेल तर लाकूड, माती, वर खारी मातीचा थर, लोखंड नावाला. पण आता धाबं गेलं, स्लॅब आला, आणि स्लॅबमध्ये सळयांची जाळी. गच्चीवरून उड्डाण म्हणजे कंपासला चुंबकाच्या गादीवर झोपवून उठल्यावर दिशा विचारणं. पत्रे, बोअरची मोटर, स्टार्टरची पेटी, ट्रॅक्टर यांपासून पंधरा-वीस मीटर लांब राहावं. मोबाईल, किल्ल्या, लोखंडी कडं बाजूला ठेवावं. चांदीचं कडं चालतं. घरच्यांना ते सांगून ठेवावं. आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी ड्रोनची पिशवी डीजेच्या स्पीकरला टेकवून ठेवू नये. स्पीकरमधलं चुंबक ड्रोनच्या आतल्या एखाद्या स्क्रूला आपल्या पंथाची दीक्षा देऊन जातं.

तिसरी सबब हवेची. हौशी वापराच्या बहुतेक ड्रोनच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. भुसावळला मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात. म्हणजे कंपनीच्या मते मे महिन्यात आमच्याकडे दुपार नसतेच. चाचणी सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत करावी. वाराही तेव्हा झोपलेला असतो.

खरी चाचणी कांदेबाग केळीत, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीत. नोव्हेंबरात रोपं गुडघ्याखाली, ठिबकच्या नळ्या उघड्या, आणि नळीएवढी सरळ रेषा आमच्याकडे दुसरी कुठलीच नाही. ड्रोन नळीवर, नाक नळीच्या रेषेत. पंधरा मीटर उंच घ्यायचा; दोन मीटरवर नको, कारण तिथे पोटाखालचा कॅमेरा जमीन बघून कंपासचं पाप झाकतो. मग लेन्स सरळ खाली, आणि फक्त पुढची काठी, पन्नास मीटर. चूक पाच अंशांची असेल तर शेवटी तो नळीपासून ४.४ मीटर सरकलेला असतो, दहा अंशांची असेल तर ८.८ मीटर. पाच फुटांच्या लागवडीत दहा अंश म्हणजे जवळपास सहा ओळी. मोजायला टेपसुद्धा लागत नाही, केळी मोजायच्या. मग नाक फिरवून तसाच परत आणायचा. दोन्ही वेळा सरकणं एकाच दिशेला, समजा पूर्वेला, असेल तर बहुधा तो वारा. जाताना उजवीकडे आणि नाक फिरवून येतानाही स्वतःच्या उजवीकडेच सरकला, तर गुन्हेगार सापडला.

कागदाची चाचणी याहून गोड. रात्री ध्रुवतारा पाहून दोन खुंट्यांत दोरी ताणून ठेवायची. जळगाव २१ अक्षांशावर, म्हणून तारा क्षितिजापासून साधारण एकवीस अंशच वर. बुटका आहे, पण सापडतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात किरकोळ आहे, चाचणीपुरता विसरावा. सकाळी दोरीवर ड्रोन ठेवून ०, ९०, १८०, २७० अशा चार दिशांना ॲपमधला आकडा लिहायचा. आकडा दिसत नसेल तर नकाशावरच्या बाणाचा कोन. चारही ठिकाणी सारखीच वीस अंशांची चूक असेल, तर कंपासची चिप आत तिरकी बसवली आहे. उत्तरेला शून्य, पूर्वेला पंचवीस, दक्षिणेला शून्य, पश्चिमेला उलट पंचवीस, अशी झोके घेत असेल, तर आत काहीतरी चुंबक झालंय. आणि जमिनीवर चारही आकडे बरोबर, पण उडताक्षणी नकाशावरचा बाण उडी मारत असेल, तर मोटरकडे जाणारी वायर कंपासला खेटून गेली आहे. तरंगताना त्या वायरींतून चार-पाच अँपियर वाहतात, तेवढ्यानं सुई भरकटते. ही कारखान्याची चूक. यावर कॅलिब्रेशन म्हणजे मोडलेल्या हाडाला हळद.

चाचणीआधी सरकारच्या ड्रोन-नकाशातला हिरवा पट्टा, म्हणजे वेगळ्या परवानगीविना उडवता येतं ती जागा, बघून घ्यावा. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन २०२१ च्या नियमांत पायलटच्या परवान्यातून सुटला आहे, विमानतळाच्या हद्दीतून नाही. आणि दिशा चुकणारा ड्रोन वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणींच्या बाजूला सरकला, तर आपण कंपास तपासत होतो हे पोलिसांना समजावताना कांदेबाग संपून मृगबाग लागते.

मग पुरावा. उड्डाणाची नोंद ॲपमधून काढून ठेवा, स्क्रीनचं रेकॉर्डिंग, चार दिशांचा कागद, पक्कं बिल, सिरियल नंबर. बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली उतरवून पाठवावी, नाहीतर कुरिअरवाला खोकं बघूनच हात जोडतो. दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर दोषाचे पर्याय असतात: पाण्यात पडला, आपटला, चालू होत नाही. वाकडा जातो, हा पर्याय नाही. पंधरा दिवसांनी खोकं परत येतं, आत चिठ्ठी: "दोष आढळला नाही." आढळणार कसा? त्यांनी तो हॉलमध्ये उडवलेला असतो. छपराखाली जीपीएस पोचत नाही, ड्रोन फरशी बघून जागेवर थांबतो, कंपासला कुणी काही विचारतच नाही. तेव्हा दुसऱ्यांदा पाठवताना 'इतर' या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहावं: कृपया घराबाहेर येऊन उडवावा. पन्नास मीटर. केळी आम्ही मोजल्या आहेत.