आजीची सही

आजी गेली त्याला आता वर्ष होईल. तेव्हा घरच्या ग्रुपवर आलेले मेसेज परवा पुन्हा वाचत बसलो. घरासाठी आयुष्यभर झिजली. चंदनासारखी झिजली. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. माउलीच ती. सगळ्यांनी मनापासून लिहिलं होतं, मीही त्यातलंच एक चिकटवलं होतं. आज मात्र त्यातलं एकही वाक्य मला पटत नाही. एक तर ती झिजली वगैरे काही नाही, शेवटपर्यंत ठणठणीत आणि हट्टी होती. दुसरं म्हणजे यातलं कुठलंही वाक्य उचलून कुणाच्याही आजीला लावा, फिट्ट बसतं. मग ते आमच्या आजीबद्दल कसं?

हे सगळं सुरू झालं एका फ्रिजमुळे. चार महिन्यांपूर्वी घर बदललं, तेव्हा फ्रिजला ओरखडे पडू नयेत म्हणून मी त्याला आजीची गोधडी गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली. सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी काहीच वाटलं नव्हतं. जुनी गोधडी, जाड आहे, बरी पडेल, एवढंच. नव्या घरात सुतळी सोडली तर एका कडेला कापड फाटलेलं. बघू तरी किती फाटलंय म्हणून जमिनीवर पसरली आणि पहिल्यांदा ती गोधडी नीट पाहिली. इतकी वर्षं नुसतीच पांघरली होती.

साधा धावदोरा, पण टाके असे की बोटाच्या एका पेरात मी सहा मोजले. शिवण एका बाजूने दुसरीकडे जात नाही. चारही कडांनी सुरू होऊन आत आत येते, चौकोनात चौकोन, आणि प्रत्येक कोपऱ्यावर न अडखळता वळते. सगळे तुकडे मळखाऊ रंगांचे. त्यात लाल फक्त तीन ठिकाणी, तोही मधोमध नाही, जरा बाजूला. आणि त्यातल्या एका लालला लागून माझा शाळेतला चौकड्यांचा शर्ट.

मग आठवलं. गोधडी शिवायला घेण्याआधी ती तुकडे जमिनीवर मांडायची आणि दिवसचे दिवस ते तसेच असायचे. येता-जाता दारात थांबून लांबून बघायची, एखादा तुकडा हलवायची, परत दारात. कुणाचा पाय लागला की आरडाओरडा. एकदा पाहुणे येणार होते तरी तिने ते उचललं नाही, पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवलं. आम्ही त्याला ‘आजीचा पसारा’ म्हणायचो. हेच कुणी कॅनव्हाससमोर उभं राहून केलं असतं, तर आम्ही घरात चवड्यांवर चाललो असतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीसाठी. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कमध्ये भिंतीवर लागल्या, शिवणाऱ्या बाईच्या नावासकट. समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसायला लागली. २००६ साली त्यांची टपाल तिकिटंही निघाली. गोधडी तीच, फक्त आडवी होती ती उभी केली.

आमच्या आजीच्या गोधडीवर नाव नाही. तिचं नाव सापडलं ते दुसरीकडेच. बायकांचं एक मंडळ होतं, त्यांचं छोटंसं वाचनालय. तिथे आजी अकरा वर्षं सचिव होती. सभेच्या नोंदींची वही आत्याने जपून ठेवलीय. एका पानावर वाद आहे, शिल्लक रकमेतून सहल काढायची की पुस्तकं घ्यायची. ठराव सहलीच्या बाजूने बहुमताने मंजूर. खाली आजीच्या टपोऱ्या अक्षरात: ‘सचिवांचा विरोध आहे. तो नोंदवून घ्यावा असे सचिवांनी सचिवांस सांगितले.’ पुढच्या महिन्याच्या पानावर: ‘सहल उत्तम झाली. सचिवांचे मत कायम आहे.’ मी एकटाच मोठ्याने हसलो.

आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तिची सही. पूर्ण नाव, आडनावासकट. घरात ते नाव कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. सूनबाई, वहिनी, काकू, आई, आजी. माणूस कोणाची कोण लागते ते सगळ्यांना ठाऊक, नाव मात्र फक्त त्या वहीला.

आता कुणी म्हणेल, नातवाला भरतं आलंय. तसं नाही. ती सोपी बाई नव्हती. सभेच्या दिवशी बाबा शाळेतून आले की दाराला कुलूप, आणि त्याचा राग बाबांच्या मनात अजून आहे. (‘झिजली’ हा मेसेज बाबांचाच, हेही सांगून टाकतो.) आई नवी नवी असताना गोधडीला हात लावायची, तर आजी रात्री गुपचूप तिचे टाके उसवून पुन्हा घालायची. आई आजही म्हणते, “माझे टाके मोठे पडायचे, कबूल. पण उसवायचे तर माझ्यादेखत उसवायचे ना!” मला वाटतं हा राग, हे कुलूप, हे उसवणं लिहून ठेवलं पाहिजे. चंदन उगाळत बसलो तर हेच आधी पुसलं जातं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांच्या ओव्या वेळोवेळी टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, संग्रह १९५२ साली आला. टिपणारं कुणी नसतं, तर ‘माउली होती’ एवढंच उरलं असतं. त्यांच्या घरात कुणीतरी कागद-पेन्सिल घेतली, आम्ही सुतळी घेतली.

उशिरा का होईना, कामाला लागलोय. गोधडीच्या एकेका तुकड्याचा फोटो काढतो, आईला दाखवतो आणि ती बोलते ते फोनवर रेकॉर्ड करतो. “आजीबद्दल सांग” म्हटलं की आई सद्गदित होते आणि हाती काही लागत नाही. “हे कापड कशाचं?” म्हटलं की तासभर थांबत नाही. वहीची पानं स्कॅन केली. गोधडी आता प्लास्टिकच्या पिशवीत नाही, धुतलेल्या सुती चादरीत आहे, आणि अधूनमधून घडी बदलतो, नाहीतर एकाच रेषेत कापड विरतं.

गेल्या रविवारी एका पांढऱ्या पट्टीवर वहीतल्यासारखंच तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि ती गोधडीच्या मागच्या बाजूला मीच शिवली. आईला दाखवायला नेली. आईने चष्मा लावला, पट्टीवरून बोट फिरवलं, कात्री मागितली आणि माझे सगळे टाके माझ्यादेखत उसवले.