‘यूजरअ‍ॅड मारा, फोल्डर बनवा, ७७७ द्या’: या सल्ल्यातलं काय काय चुकतं

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब सांभाळणाऱ्यांमध्ये सत्र सुरू व्हायच्या सुमारास एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘लिनक्सवर नवीन यूजर म्हणजे दोन मिनिटांचं काम. यूजरअ‍ॅड आणि पुढे नाव. होम फोल्डर आलं नाही तर एमकेडिरने बनवा, सीएचमॉड ७७७ करा, परमिशनची कटकट संपली. पासवर्ड त्याच कमांडला -पी लावून द्या. सुडो हवं तर यूजरमॉड आणि मोठा -जी. वर्ष संपलं की यूजरडेल. सगळ्या मशीनवर नाव तेच ठेवा, बाकी काही बघायला नको.’

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमन; ‘लहान’ आणि ‘मोठा’ म्हणजे रोमन अक्षराचं स्मॉल आणि कॅपिटल रूप. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, सुडो म्हणजे मुख्य खात्याचे अधिकार वापरण्याची सोय.) शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

‘नाव तेच ठेवा, बाकी काही बघायला नको.’ कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नाव कळत नाही, आकडा कळतो. /इटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलमधली कोणतीही ओळ बघा: अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने, आणि तिसऱ्या रकान्यात यूआयडी, म्हणजे खात्याचा आकडा. फाइलच्या मालकाच्या जागी डिस्कवर हा आकडाच लिहिलेला असतो. एलएस -एल दाखवताना आकड्याचं नाव करून दाखवतं. एलएस -एलएन दिलं की खरा आकडा दिसतो.

आता लॅबमध्ये हे कसं अंगाशी येतं ते बघा. पहिल्या मशीनवर हजेरीच्या क्रमाने खाती काढली, १००१ पासून पुढे. दुसऱ्या मशीनवर चौथा विद्यार्थी राहून गेला आणि शेवटी घातला. त्याच्यानंतरच्या सगळ्यांचे आकडे एकाने सरकले. होम एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) असेल आणि मांडणी नेहमीची, म्हणजे केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेशिवायची असेल, तर सर्व्हरकडे जातो तो आकडाच. मग दुसऱ्या मशीनवर जोशीचा प्रोजेक्ट पाटीलच्या मालकीचा होतो, आणि जोशीला स्वतःच्याच फोल्डरमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसतं. त्यावर कोणीतरी ७७७ मारतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

म्हणून यादी आधी करा: रोल नंबर, नाव, ठरवलेला यूआयडी. खातं काढताना लहान -यू लावून तोच आकडा द्या. सध्याच्या लिनक्समध्ये माणसांच्या खात्यांसाठी साधारणपणे १००० ते ६०००० हा पट्टा असतो; /इटीसी/लॉगिन.डेफ्समध्ये तो लिहिलेला सापडेल. आठ-दहापेक्षा जास्त मशीन असतील तर हाताने आकडे जुळवत बसू नका, सगळी खाती एका जागी ठेवणारं एलडॅप किंवा फ्रीआयपीए लावा.

नावाचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वर्गात दोन ए. जोशी आणि तीन एस. पाटील असतातच, म्हणून पुष्कळ जण नुसता रोल नंबर हेच यूजरनेम ठेवतात. तसं करू नका. सीएचओन २३०१ म्हटलं की ती कमांड आधी २३०१ नावाचं खातं शोधते. ते नसेल तर २३०१ हा यूआयडी समजून मुकाट्याने मालकी त्या आकड्याला देते. चूक झाल्याचा एक शब्द पडद्यावर येत नाही. पुढे एक अक्षर लावा, सी२३०१ सारखं, आणि ते लहान लिपीत.

‘यूजरअ‍ॅड आणि पुढे नाव.’ होम बनणार की नाही हे लिनक्सच्या वितरणावर (उबुंटू, रेड हॅट वगैरे) अवलंबून आहे. रेड हॅटच्या घराण्यात लॉगिन.डेफ्समध्ये होम बनवण्याची सूचना आधीच असते. डेबियन आणि उबुंटूवर ती नसते, त्यामुळे लहान -एम दिला नाही तर होम बनतच नाही. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेलं आहे. शिवाय उबुंटूवर शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, /बिन/एसएच मिळतो: टॅब दाबून नाव पुरं होत नाही, वरचा बाण दाबला की आधीच्या कमांडऐवजी कचरा अक्षरं उमटतात, आणि मुलांना वाटतं कीबोर्ड बिघडला. म्हणून -एम, -एस /बिन/बॅश आणि -यू हे तिन्ही प्रत्येक वेळी लिहा. डेबियन घराण्यातली अ‍ॅडयूजर ही वेगळी, प्रश्न विचारत जाणारी स्क्रिप्ट आहे, एकदोन खात्यांसाठी तीच बरी. रेड हॅटवर मात्र अ‍ॅडयूजर हे यूजरअ‍ॅडचंच दुसरं नाव.

‘एमकेडिरने बनवा, ७७७ करा.’ रूटने, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याने, बनवलेलं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं आणि रिकामं असतं. यूजरअ‍ॅड -एम होम बनवताना /इटीसी/स्केलमधल्या .बॅशआरसीसारख्या फाइली आत टाकतो आणि मालकी बदलतो. फोल्डर आधीच हाताने बनवलेलं असेल तर तो फक्त इशारा देतो आणि काहीच टाकत नाही. मालकी रूटची राहिली तर ग्राफिकल लॉगिनला पासवर्ड बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवर येतो, कारण सेशनला होममध्ये स्वतःच्या फाइली लिहिता येत नाहीत.

७७७ ने हे सुटल्यासारखं वाटतं, पण फाइल पुसण्याचा आणि तिच्या जागी दुसरी ठेवण्याचा हक्क फाइलच्या नव्हे, फोल्डरच्या परमिशनवर ठरतो. होम ७७७ असेल तर शेजारच्या बाकावरचा कोणीही तुमची .बॅशआरसी काढून स्वतःची ठेवू शकतो, आणि पुढच्या लॉगिनला त्याच्या कमांड तुमच्या नावाने चालतात. दुरून लॉगिन देणारा एसएसएच सर्व्हर हे ओळखतो: असं होम दिसलं की तो तुमची ‘की’ (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) नाकारतो आणि लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ लिहून ठेवतो.

दुरुस्ती तीन पायऱ्यांची. सीपी -ए /इटीसी/स्केल/. (शेवटचा टिंब हवाच, तारांकन दिलं तर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली सुटतात). मग सीएचओन मोठा -आर, नाव:ग्रुप. मग सीएचमॉड ७५०, जे उबुंटूने २१.०४ पासून स्वतःही स्वीकारलं. रेड हॅटवर ७०० असतं. तिथे एसईलिनक्स हा सुरक्षेचा जादा थर असल्याने रिस्टोअरकॉन मोठा -आर हीसुद्धा चालवा. मुलांना एकत्र काम करायचं असेल तर त्यासाठी होम उघडं करू नका. वेगळं फोल्डर, त्यांचा एक ग्रुप आणि २७७० परमिशन द्या. पुढचा २ असल्याने आतल्या नव्या फाइलींना तोच ग्रुप मिळतो.

‘पासवर्ड -पी लावून.’ -पीला हॅश, म्हणजे पासवर्डचं गणिताने बदललेलं रूप, हवा असतो. साधा शब्द दिला तर तोच जसाच्या तसा /इटीसी/शॅडोमध्ये बसतो, लॉगिनच्या वेळी कधीच जुळत नाही, आणि वर शेलच्या हिस्टरीत उघडा राहतो. एका खात्याला पासडब्ल्यूडी, पूर्ण वर्गाला सीएचपासडब्ल्यूडी. नंतर चेज -डी ० दिलं की पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलावा लागतो.

‘यूजरमॉड आणि मोठा -जी.’ यात लहान -ए राहिला तर जुने सगळे जोड-ग्रुप जातात आणि फक्त नवा उरतो. एकुलत्या अ‍ॅडमिनला डॉकर ग्रुपमध्ये घालताना हे झालं तर त्याचं सुडोच जातं, आणि मशीन रिकव्हरी मोडमध्ये उघडावं लागतं. -एजी असं जोडूनच लिहायची सवय ठेवा. बदल पुन्हा लॉगिन केल्यावर लागू होतो.

‘वर्ष संपलं की यूजरडेल.’ लहान -आर दिला नाही तर होम तसंच राहतं, त्यावर फक्त आकडा उरतो. यूजरअ‍ॅड नवा आकडा साधारणपणे वापरातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा देतो. म्हणजे सर्वांत मोठे आकडे असलेली खाती काढून नवी घातली की तेच आकडे पुन्हा वाटले जातात, आणि जुन्या प्रोजेक्टचे मालक नवी मुलं होतात.

क्रम असा ठेवा. आधी यूजरमॉड मोठा -एल आणि खात्याची मुदत संपवणारा -ई १. नुसता -एल पासवर्ड बंद करतो, एसएसएच की चालूच राहते. मग ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी क्रॉनटॅब -यू नावाने तपासून काढा, कारण खातं गेल्यावर तसं विचारता येत नाही. लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजरने चालू प्रोसेस थांबवा. होमचा टार (सगळं एका फाइलीत बांधलेली प्रत) काढून ठेवा, मगच यूजरडेल -आर. शेवटी बिनमालकाच्या फाइली शोधायला फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर चालवा, आणि /होम किंवा /व्हार वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तिथेही स्वतंत्र चालवा, कारण -एक्सडेव्ह दुसऱ्या पार्टिशनमध्ये उतरत नाही.