दोन भावी खासदार आणि एक चिटणीस

आमच्या पक्षाला विरोधी पक्षाचा त्रास फारसा नाही. विद्यमान खासदार समोरच्या पक्षाचे, पण त्यांच्या मुलाच्या लग्नात आमचीच माणसं पाहुण्यांना हाताला धरून जेवायला बसवत होती. खरी निवडणूक आमच्यात घरातच होते, तिकीट जाहीर होण्याआधी. यंदा भाऊ इच्छुक होते आणि अण्णाही. मी तालुका कार्यालयाचा चिटणीस. म्हणजे खुर्च्या मांडणं, सतरंज्या मोजून परत करणं आणि दोघांचे फोन उचलणं.

सुरुवात फ्लेक्सपासून झाली. देशातले नेते वर गोलात, राज्यातले त्यांच्याखाली, हे ठरलेलं असतं. त्याच्या खाली भाऊ आणि अण्णा. भांडण नको म्हणून मी दोघांचे फोटो एकाच मापाचे लावून घेतले. पण भाऊंनी पाठवलेला फोटो नुसत्या चेहऱ्याचा, अण्णांचा हात जोडलेला, कमरेपर्यंतचा. फ्लेक्स चढला आणि तासाभरात अण्णांचा फोन आला.

"चिटणीस, माझं डोकं भाऊंपेक्षा लहान आहे का?"

याला कार्यकर्त्याने काय उत्तर द्यावं?

पुढच्या मेळाव्याच्या पत्रिकेत मी शहाणपणा करून नावं अकारविल्हे छापली. अण्णा खूश. भाऊ म्हणाले, "असं असेल तर श्रेष्ठींना कळवा, तिकिटंही बाराखडीप्रमाणे वाटा म्हणावं." त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. तिकिटं ज्या पद्धतीने वाटली जातात, त्यापेक्षा बाराखडी बरी.

आपल्या राज्यात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. भाऊ सांगायचे, सहापैकी चार माझ्या पाठीशी आहेत. अण्णांचेही चारच असायचे. बेरीज केली तर आमचा पक्ष आठ ठिकाणी पुढे होता. ही बेरीज मी मुंबईहून आलेल्या निरीक्षकांसमोर चुकून करून दाखवली नाही, एवढं भान मला होतं. मुलाखतीत त्यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला, उमेदवारी नाही मिळाली तर? दोघांनी एकच उत्तर दिलं, पक्ष देईल त्याचं काम करू. बाहेर दोघांचे समर्थक एकमेकांच्या गाड्यांची हवा सोडत होते. जाता जाता निरीक्षकांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही कोणाचे?"

"मी पक्षाचा."

"ते सगळेच असतात हो. कोणाचे?"

खर्चाचं तर विचारू नका. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ₹95 लाखांची मर्यादा आहे, पण तो हिशेब अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंतचा. त्याआधीच्या इच्छुकाला मर्यादा नाही. हळदीकुंकू, क्रिकेटचे चषक, तीर्थयात्रेच्या बसगाड्या, सगळं त्या मोकळ्या काळात उरकलं जातं. भाऊंनी एका बाजूच्या गावांना पंढरपूर घडवलं म्हणून अण्णांनी दुसऱ्या बाजूच्या गावांना तुळजापूर घडवलं. मधली गावं दोन्हीकडे जाऊन आली, आणि ती अजून कोणाला मत देणार ते ठरवत आहेत.

या सगळ्यात एकच दिवस सुखाचा गेला. कुणीतरी पुडी सोडली की समोरच्या पक्षातला एक नाराज बडा माणूस आपल्याकडे येतोय आणि तिकीट त्यालाच मिळणार. भाऊ आणि अण्णा एका गाडीत बसून मुंबईला गेले. वाटेत एकाच ताटातली भजी खाल्ली, म्हणे. निष्ठावंतांवर अन्याय होऊ देणार नाही, असं दोघांनी एका सुरात सांगितलं. ती बातमी खोटी निघाली आणि परतताना दोघे वेगवेगळ्या गाड्यांनी आले.

रोज रात्री भाऊ विचारायचे, अण्णा काय म्हणतात? नंतर अण्णा विचारायचे, भाऊंचं काय चाललंय? मी दोघांनाही तेच सांगायचो. समोरचे आतून खचलेत, तुमचंच फायनल आहे. माणसाला झोप लागावी, एवढाच हेतू. त्यांना लागली की मला लागायची.

शेवटी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म भाऊंना आला. अण्णांच्या वाड्यावर माणसं जमली. पूर्वी अशा वेळी समजूत घालणं सोपं होतं. अपक्षाचं काय होतं हो, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर ₹25,000 अनामतही जाते, असं म्हटलं की बंडोबा थंड व्हायचे. 2024 ला सांगलीत विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहून निवडून आले आणि माझं ते भाषण कायमचं बाद झालं. आता प्रत्येक नाराज माणूस लिफाफ्याचा दाखला देतो. सांगलीत त्यांच्या आजोबांची, वसंतदादांची पुण्याई होती, हे बोलायला जावं तर अण्णांच्या आजोबांचं नाव निघतं आणि रात्र तिथेच संपते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अण्णांच्या वाड्यावर घोषणा द्यायला अंगणभर माणसं होती. सही करायची म्हटल्यावर कुणाला शेताला पाणी सोडायचं आठवलं, कुणाचा चष्मा घरी राहिला. नऊ झाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मुंबईहून फोन आला नसता, तर मी आज कोणत्या पक्षात असतो सांगता येत नाही. तिकडून विधान परिषदेचं बोलणं झालं. विधान परिषद हे आमच्या राजकारणातलं मोरावळ्याचं औषध आहे, कुठल्याही पित्तावर चालतं. अण्णा आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "पक्ष आईसारखा असतो." सकाळपर्यंत तो सावत्र होता.

दुसऱ्या दिवशी मनोमिलनाचा मेळावा. एकाच हारात दोघांची मानगूट. मी कोपऱ्यात खुर्च्या मोजत होतो. भाषणं संपल्यावर दोघे चहाला आत बसले आणि मलाही बोलावलं. वातावरण फारच खेळीमेळीचं होतं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

"अण्णा, खरं सांगा," भाऊ म्हणाले, "तुम्ही मधे खचला होतात ना?"

"मी? छे! खचला होतात तुम्ही. मला तर रोज रात्री खबर होती."

"कोणाकडून?"

अण्णांनी कप खाली ठेवला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एखाद्या गोष्टीवर पूर्ण एकमत झालं होतं.